सोऱ्याची दोन रूपे

मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांचे नाव धारण करणारे गौतमपुरा हे इंदूर जिल्ह्यातील गाव दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी होणाऱ्या हिंगोट-युद्धासाठी प्रसिद्ध आहे. आपण ज्यास हिंगणबेट म्हणतो, त्याचे टणक फळ पोखरून त्यात दारू ठासावयाची, एक तोंड मातीने बुजवून दुसऱ्यास वात लावावयाची, दिशा राखण्यासाठी बांबूची काडी बांधावयाची आणि पेटलेले फळ प्रतिपक्षावर सोडावयाचे, असा हा प्रकार. गौतमपुऱ्याचा पक्ष तुर्रा आणि रुणजीचा कलगी. शाहिरी वाङ्मयाच्या अभ्यासकास ही नावे परकी वाटणार नाहीत. येथे विचार करावयाचा आहे तो मात्र त्या फळातील दारूचा, आणि विशेषतः तिच्यातील सोऱ्याचा.

सोरा, कोळसा व गंधक यांच्या मिश्रणास ठिणगी लागली की एका ग्रॅमपासून सुमारे तीन हजार जूल उष्णता निघते. परंतु हाच सोरा पाण्यात विरघळविला असता पाणी गार होते. अकबराच्या दरबारी सोऱ्याने पाणी थंड करीत असत, आणि जो पदार्थ दारूत आग निर्माण करतो तोच येथे थंडावा देतो, हा विरोध अबुल फज्लने ‘आईन-ए-अकबरी’त सोळाव्या शतकाच्या अखेरीस नोंदवून ठेवला आहे. दोन्ही क्रिया आपोआप घडतात. मग निसर्गाचा कल ओळखावयाचा कशावरून?

एकोणिसाव्या शतकात या प्रश्नास सरळ उत्तर देण्यात आले. डेन्मार्कचे थॉमसन व फ्रान्सचे बर्थेलो यांचे म्हणणे असे, की जीत अधिकांत अधिक उष्णता बाहेर पडते तीच रासायनिक क्रिया घडते. बर्थेलो यांनी स्फोटक द्रव्यांवर मोठे संशोधन केले होते, आणि दारूच्या बाबतीत त्यांचा नियम बरोबर ठरतो. सोरा विरघळण्यासारख्या क्रियांची वाट त्यांनी वेगळी लावली: त्या भौतिक होत, रासायनिक नव्हेत, असे म्हणून त्या नियमाबाहेर ठेवल्या.

खरे उत्तर दुसरीकडून आले. १८६५ मध्ये क्लॉसियस यांनी एन्ट्रॉपी ही संकल्पना नावारूपास आणली. द्रव्य व ऊर्जा जितकी अधिक प्रकारांनी विखुरलेली असू शकते, तितकी एन्ट्रॉपी मोठी, असा तिचा अर्थ पुढे स्पष्ट झाला. १८७६ ते १८७८ या काळात अमेरिकेतील गिब्ज यांनी दोहोंचा मेळ घातला. स्थिर दाब व तापमान असताना उष्णतेचा हिशेब, म्हणजे एन्थॅल्पीतील बदल, घ्यावा; त्यातून तापमान व एन्ट्रॉपीतील वाढ यांचा गुणाकार वजा करावा; बाकी ऋण आली तर क्रिया शक्य.

या कसोटीस सोऱ्याची दोन्ही रूपे उतरतात. दारू पेटते तेव्हा उष्णता बाहेर जाते आणि घन पदार्थांतून वायू निर्माण होतात. एन्थॅल्पी व एन्ट्रॉपी एकाच पक्षात असतात. सोरा विरघळतो तेव्हा दर १०१ ग्रॅमना सुमारे ३५ हजार जूल उष्णता शोषली जाते. परंतु स्फटिकात जखडलेले कण पाण्यात मोकळे होतात आणि एन्ट्रॉपी बाजी मारते. तापमान वाढले की तिचे पारडे आणखी जड होते. म्हणूनच १०० ग्रॅम पाण्यात २० अंशांस सुमारे ३२ ग्रॅम सोरा मावतो, तर १०० अंशांस सुमारे २४५ ग्रॅम. उकळून व निववून सोरा शुद्ध करण्याची जुनी रीत याच गुणावर आधारलेली आहे.

जुना नियम मात्र सहजासहजी हटला नाही. तरुण प्येर द्युएम यांनी १८८४ मध्ये आपल्या प्रबंधात त्यावर आघात केला. तो प्रबंध नाकारला गेला, आणि पॅरिसमधील अध्यापकपद त्यांना आयुष्यभर लाभले नाही. त्यांची बाजूच पुढे खरी ठरली.

एक गोष्ट राहते. क्रिया शक्य आहे म्हणजे ती आत्ताच घडेल असे नव्हे. हिंगोटातील दारू वात पेटेपर्यंत निमूट पडून असते, कारण आरंभीचा ऊर्जेचा उंबरठा तिला ओलांडावा लागतो. १८८९ मध्ये आर्हेनियस यांनी तापमान व वेग यांच्या संबंधातून तो उंबरठा दाखवून दिला. गौतमपुऱ्याच्या मैदानावर दरवर्षी माणसे भाजतात, आणि प्राणही गेलेले आहेत. रसायनशास्त्र सांगते ते एवढेच, की ठिणगी पडल्यावर दारू कोणत्या दिशेने जाईल. ठिणगी लावावी की नाही, हे मैदानात उतरणाऱ्यांनीच ठरवावयाचे असते.