चित्राचे नाव-गाव

पांडेसऱ्यात दरवर्षी शिवजयंतीस चौकाचौकांत महाराजांची चित्रे लागतात. खानदेशातून पोटापाण्यासाठी सुरतेच्या या औद्योगिक वसाहतीत आलेल्या मराठी कुटुंबांचा तो अभिमानाचा दिवस. अलीकडे पहाटेपासून तीच चित्रे मोबाइलवरही येऊ लागतात आणि आम्हीही ती पुढे धाडतो. मात्र चित्र कोणी काढले, कोठून घेतले, असे विचारले तर उत्तर बहुधा कोणापाशीच नसते.

हा प्रश्न क्षुल्लक नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शिवाजी महाराजांचे म्हणून जे चित्र सर्रास छापले जाई, ते वस्तुतः इब्राहिमखान नावाच्या भलत्याच व्यक्तीचे होते. एकाने छापले, दुसऱ्याने त्यावरून उचलले, तिसऱ्याने दुसऱ्यावर विसंबून पुढे दिले. अखेर इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी डच साधनांच्या आधारे महाराजांचे चित्र शोधून १९३३ साली लोकांपुढे मांडले, तेव्हा ही चूक उघड झाली.

गंमत अशी की, या दुरुस्तीलाही पुढे एक दंतकथा चिकटली. १६६४ च्या सुरत स्वारीत व्हॅलेंटाइन नावाचा इथल्या डच वखारीचा प्रमुख महाराजांस भेटला व त्याने हे चित्र काढवून घेतले, असे आजही सांगितले जाते. परंतु ज्याच्या ग्रंथात महाराजांचे चित्र आढळते, त्या फ्रान्स्वा व्हॅलेंटाइनचा जन्मच १६६६ चा. त्याचा ग्रंथ १७२४ ते १७२६ या काळात निघाला. १६६४ साली सुरतेच्या वखारीचा प्रमुख दिर्क व्हॅन आद्रिखेम हा होता. चित्र खरे असले तरी त्याचे नाव-गाव एकदा हरवले की त्या जागी कोणतीही कथा येऊन बसते.

याउलट उदाहरण मनुची या व्हेनिसच्या प्रवाशाचे. त्याने हिंदुस्थानातील राजेरजवाड्यांची चित्रे काढवून घेतली. घोड्यावर बसलेल्या शिवाजी महाराजांचे चित्र त्यांतलेच. ती मीर महंमद या चित्रकाराने काढली, हे मनुचीने स्वतः नमूद केले. चित्रसंग्रह फ्रान्सला गेला आणि आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. एका ओळीच्या त्या नोंदीमुळे तीन शतकांनंतरही चित्रकाराचे नाव जिवंत राहिले.

आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील ५७ वे कलम हेच सांगते : हक्क विकले तरी कृती आपली आहे असे म्हणण्याचा कर्त्याचा अधिकार उरतोच. २०१२ च्या दुरुस्तीनंतर छायाचित्रावरील हक्कही छायाचित्रकाराच्या हयातीत व त्याच्या पश्चात ६० वर्षे टिकतो. पांडेसऱ्याच्या छपाई गिरण्यांत साडीचे डिझाइन कोणी चोरले तर केवढा गहजब होतो! चित्राच्या बाबतीत मात्र आपण निर्धास्त असतो.

हे आम्ही दुसऱ्यास शिकवीत नाही. चूक आमच्याही हातून घडली आहे. मंडळाच्या स्मरणिकेत आम्ही एका शेजाऱ्याच्या दिवंगत आईचे छायाचित्र छापले. हेतू आदराचाच होता, पण विचारले नव्हते. ते गृहस्थ अंक घेऊन दारी आले आणि एवढेच म्हणाले, "साहेब, आईचा हा फोटो आम्ही घरात सुद्धा लावलेला नाही. शेवटच्या आजारातला आहे तो." आम्हांस मान वर करवेना. सरकारी सेवेत असताना सहीवाचून कागद आम्ही कधी पुढे सरकवला नव्हता. आणि इथे एका माउलीचे दुःख मात्र परवानगीवाचून पाचशे घरांत पोहोचवले होते.

तेव्हापासून आम्ही दोन गोष्टी पाळतो. चित्र पुढे द्यायचे तर कर्त्याचे नाव व मूळ ठिकाण त्याखाली लिहितो. ठाऊक नसेल तर चित्र आपल्यापाशीच ठेवतो. आणि चित्रात जिवंत माणूस वा कुणाचे दिवंगत आप्त असतील, तर आधी विचारतो. विचारण्यास दोन मिनिटे लागतात. न विचारता पाठवलेले परत बोलावता येत नाही.

ते गृहस्थ पुढे आमच्याशी पूर्ववत बोलू लागले. स्मरणिकेचा तो अंक मात्र आम्ही पुन्हा कोणास दिलेला नाही.