राक्षसीचं मुखपृष्ठ

अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात शिरलं की मंडपाची उजवी भिंत एकाच कथेनं भरलेली दिसते. सिंहल नावाच्या व्यापाऱ्याचं जहाज फुटतं आणि तो साथीदारांसह एका बेटाला लागतो. तिथल्या देखण्या बायका त्यांना आसरा देतात, त्यांच्याशी संसार मांडतात. त्या राक्षसिणी आहेत आणि आपण त्यांचं भक्ष्य आहोत, हे सिंहलाच्या ध्यानात येतं. एक पांढरा उडता घोडा त्याला सोडवतो. मोहानं मागे वळून पाहणारे साथीदार खाली कोसळतात. पण कथा इथे थांबत नाही. त्यातली एक राक्षसी मूल घेऊन सिंहलाच्या मागोमाग त्याच्या गावी पोचते आणि ‘हा माझा नवरा, यानं मला टाकलं’ अशी फिर्याद घेऊन राजासमोर उभी राहते. सिंहल जीव तोडून सांगतो, पण राजा भुलतो आणि तिला अंतःपुरात ठेवून घेतो. रात्री बाकीच्या राक्षसिणीही वाड्यात शिरतात. दुसऱ्या दिवशी उजाडतं, तेव्हा राजवाड्यावर गिधाडं घिरट्या घालत असतात.

इसवी सनाच्या पाचव्या शतकात, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात रंगवलेली ही भिंत मी मराठी रहस्यकथेच्या मुखपृष्ठाची पणजी मानतो. मुखपृष्ठं करणाऱ्यांनी ही भिंत समोर ठेवून ब्रश उचलला, असं मला म्हणायचं नाही. पण पाहणाऱ्याला एका नजरेत भुलवायचं, त्याच नजरेत घाबरवायचं आणि तरी पुढे काय झालं ते विचारायला लावायचं, हे काम इथल्या चित्रकारानं आधीच करून ठेवलं आहे. मोह घालणाऱ्या सुंदर बायका एकीकडे. सुळे बाहेर आलेल्या, केस मोकळे सोडून माणसांवर तुटून पडलेल्या राक्षसिणी दुसरीकडे. भिंत एकच, बायका त्याच. गिधाडांची योजना मला तर फार मोठी वाटते. वाड्याच्या आत काय झालं असेल, ते छपरावरचे पक्षी आधी सांगून जातात.

एक गोष्ट मात्र या भिंतीवर नाही: अंधार. राक्षसिणी वाड्यात शिरतात ती रात्र आहे, पण चित्रात काळोख नाही. माती आणि भुशाचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात, गेरूची रेघ आणि मग रंग, अशी ही रीत. चेहऱ्याला उठाव यावा म्हणून नाकाच्या शेंड्यावर, हनुवटीवर उजळ रंगाचा फटकारा दिलेला असतो. प्रकाश कुठल्याही एका दिव्यातून येत नाही. त्यामुळे भीती दाखवायची ती डोळ्यांतून, बोटांतून, सुटलेल्या केसांतून. पहिल्या लेण्यातल्या मारविजयाच्या, म्हणजे बुद्धानं माराच्या हल्ल्यावर मिळवलेल्या विजयाच्या, चित्रातही हेच आहे. मधे मोठा, निश्चल बुद्ध आणि भोवती वटारलेल्या डोळ्यांची, विद्रूप तोंडांची गर्दी. मुख्य माणूस मोठा, बाकीचे लहान, आणि धोका चारी बाजूंनी आत येणारा. आजही पोस्टरची मांडणी याहून फारशी वेगळी नसते.

मुंबईच्या जे. जे. कला शाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी १८७२ ते १८८५ या काळात इथे येऊन नकला करत होते. पुढे त्या चित्रांचे ग्रंथ निघाले आणि अजिंठा मराठी चित्रकारांच्या डोळ्यांसमोर आला.

पोस्टरचं घराणं सुरू झालं ते कोल्हापुरात. बाबूराव पेंटर आणि त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव हे नाटक कंपन्यांचे पडदे रंगवणारे. लांबून दिसेल असं चित्र काढण्याचा हात तिथेच बसला. बाबूरावांच्या ‘सैरंध्री’ चित्रपटात (१९२०) कीचकवध इतका खरा उतरला होता की त्या दृश्याला सेन्सॉरची कात्री लागली. पुढे १९२३ च्या ‘वत्सलाहरण’साठी त्यांनी चित्रांची पोस्टरं केली, आणि १९२४ च्या ‘कल्याण खजिना’चं पोस्टर आजही पाहायला मिळतं.

डोळा मात्र पडद्यावर वेगळ्या ताकदीनं आला तो १९३४ साली, प्रभातच्या ‘अमृतमंथन’मध्ये. दिग्दर्शक शांतारामबापूंनी राजगुरूच्या भूमिकेतल्या चंद्रमोहनचा एकच डोळा पडदाभर मोठा करून दाखवला. बाकी चेहरा नाही, देह नाही, फक्त पाहणारा डोळा. कोपऱ्यातून रोखून पाहणारे डोळे नंतर किती मुखपृष्ठांवर आले, त्याला गणती नाही.

अंधार आला तो जर्मनीकडून. बॉम्बे टॉकीजमध्ये काम करणारे जर्मन छायालेखक योझेफ विर्शिंग यांनी १९४९ च्या ‘महल’मध्ये अर्धा चेहरा उजेडात आणि अर्धा सावलीत ठेवून भुताटकीचा भास उभा केला. तेव्हापासून रहस्य म्हणजे काळोख, हे समीकरण लोकांच्या मनात पक्कं झालं.

या सगळ्या धारा मराठी रहस्यकथेच्या मुखपृष्ठावर एकत्र आल्या. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळापहाड ही त्यांच्या नायकांची नावं घराघरांत गेली, आणि त्यांतल्या कितीतरी पुस्तकांना चेहरा दिला तो रघुवीर मुळगावकरांनी. देवादिकांची कॅलेंडरं करणारा हा गोव्याचा चित्रकार. स्प्रेनं त्वचेवर तुकतुकी आणायची त्यांची हातोटी लक्ष्मीच्या गालावर चालली तशीच संकटात सापडलेल्या तरुणीच्या गालावरही चालली. ती तरुणी पुढे, मोठी, पूर्ण उजेडात; पिस्तूल, मुखवटा, भिंतीवरची लांब सावली मागे. तिची नजर चौकटीबाहेर, जे आपल्याला दिसत नाही त्याच्याकडे. एसटी स्टँडवरच्या स्टॉलला दोरीवर टांगलेलं पुस्तक गाडी सुटायच्या आत उचललं गेलं पाहिजे, एवढी त्या चित्राची जबाबदारी होती, आणि मुळगावकरांनी ती जीव ओतून पार पाडली. त्यांना ‘बाजारू’ म्हणणाऱ्यांशी माझं कधीच जमलं नाही.

राजा परांजप्यांचा ‘पाठलाग’ हा चित्रपट १९६४ चा. नायकाची बायको वारलेली आणि पोलिसांनी पकडलेली, हुबेहूब तिच्यासारखी दिसणारी बाई म्हणते, ‘मीच यांची बायको.’ सिंहलामागून आलेल्या बाईची ती फिर्याद इथे पुन्हा ऐकू येते. खरी कोणती, खोटी कोणती, हे चेहरा पाहून ठरवता येत नाही. भावना आणि काशिनाथ घाणेकर यांचा हा चित्रपट ज्यांनी पाहिला नाही, त्यांच्यासाठी शेवट इथे सांगत नाही.

हल्लीची थरारपटांची, वेब मालिकांची पोस्टरं पाहताना वाईट वाटतं. निळसर काळोख, अर्धा चेहरा, लाल अक्षरं. दहा पोस्टरं शेजारी लावली तर कथा एकच असावी असं वाटतं. विर्शिंगचा अंधार घेतला, पण गिधाडं घेतली नाहीत. त्या एकाच कथेतली खूण, जी दुसऱ्या कुठल्या कथेला लावता येणार नाही, ती शोधायला कथा वाचावी लागते, आणि मुखपृष्ठ करणाऱ्याला आता तेवढा वेळ कुणी देत नाही.

जुनी मुखपृष्ठं तरी जपायला हवी होती. पण वाचनालयात पुस्तक फाटलं की बायंडिंगवाला रंगीत कव्हर काढून टाकायचा आणि जाड पुठ्ठा चढवायचा. पुस्तक टिकलं, चित्र गेलं. कुणाच्या माळ्यावर, ट्रंकेत अर्नाळकरांची पुस्तकं कव्हरासकट पडली असतील, तर ती रद्दीत घालू नका. आधी त्या कव्हरांचे नीट फोटो काढा आणि कोपऱ्यात चित्रकाराची सही दिसते का ते पाहा.