दारचे मॅग्नोलिया

छायाचित्रकलेच्या इतिहासात इमोजेन कनिंगहॅमचे नाव आले, की पाठोपाठ तिच्या परसबागेची कथा येते. मुले लहान होती, घर सोडता येत नव्हते, म्हणून तिने दारच्या फुलांकडे कॅमेरा वळवला आणि त्यातून अभिजात चित्रे जन्मली, अशी ती कथा. ती खोटी नाही. मात्र ती इतकी गोड करून सांगितली जाते, की वाचणाऱ्याने कोंडमाऱ्याचेच आभार मानावेत. आमचा आक्षेप आहे तो या गोडव्याला.

संसारात पडण्यापूर्वीची कनिंगहॅम पाहिली, की ही कथा अपुरी वाटू लागते. १८८३ साली जन्मलेल्या या मुलीने वॉशिंग्टन विद्यापीठात रसायनशास्त्राचा अभ्यास केला. सिअ‍ॅटलमध्ये एडवर्ड कर्टिसच्या स्टुडिओत ती छपाईचे तंत्र शिकली. १९०९ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून ती जर्मनीत ड्रेस्डेनला गेली आणि तिथे तिने छायाचित्रणाच्या रसायनांवर काम केले. १९१० मध्ये तिने स्वतःचा स्टुडिओ थाटला आणि १९१३ मध्ये छायाचित्रण हा स्त्रियांचा व्यवसाय कसा होऊ शकतो, यावर लेखही लिहिला. १९१५ मध्ये तिचा विवाह चित्रमुद्राकार रॉय पार्ट्रिजशी झाला. त्याच वर्षी पहिला मुलगा झाला आणि १९१७ मध्ये जुळे मुलगे. दोन वर्षांच्या आत तीन मुले! त्याच वर्षी कुटुंब कॅलिफोर्नियाला आले आणि सिअ‍ॅटलचा स्टुडिओ मागे राहिला. पार्ट्रिज १९२० पासून ओकलंडच्या मिल्स कॉलेजात शिकवू लागला. त्याची कला नोकरीसोबत चालू राहिली, हे सांगायला नकोच.

व्यक्तिचित्रे काढायची तर गिऱ्हाईक वेळ ठरवून येते आणि त्याला ताटकळत ठेवता येत नाही. फूल थांबते. तिपाईवर मोठा कॅमेरा लावावा, काचेवरच्या उलट्या प्रतिमेत पाकळीची कड नेमकी आणावी, इतक्यात आतून रडण्याचा आवाज आला तर तसेच उठून जावे. परत आल्यावर फूल जागेवरच असते. ऊन मात्र सरकलेले असते आणि उमललेले मॅग्नोलिया फार टिकतही नाही. मुले निजल्यावर मिळालेल्या तासा-दीड तासात आम्ही दोघींनी आमचे प्रबंध पुरे केले. त्यामुळे अशा वेळेला कोणी ‘निवांत’ म्हटले, की आम्हांला हसू येते.

१९२५ मधील तिच्या ‘मॅग्नोलिया ब्लॉसम’मध्ये एकच फूल चौकटभर पसरले आहे आणि मधल्या केसरांचा कण न् कण दिसतो. तिची आरंभीची चित्रे धूसर, स्वप्नाळू होती. ही धारदार स्पष्टता परसबागेने शिकवली नाही. तिच्यामागे कर्टिसचा स्टुडिओ होता, ड्रेस्डेनची प्रयोगशाळा होती आणि काळाबरोबर बदललेली नजर होती. बाग हे स्थळ होते. तिला कारण म्हणणे आम्हांला मान्य नाही. १९२९ च्या स्टुटगार्टमधील ‘फिल्म उंड फोटो’ प्रदर्शनासाठी एडवर्ड वेस्टनने तिची दहा छायाचित्रे निवडली. युरोपने तिचे नाव ऐकले ते तेव्हा.

या वेस्टनचेच उदाहरण घ्या. १९२३ मध्ये तो टीना मोडोटीसह मेक्सिकोला गेला. थोरला मुलगा त्याच्यासोबत होता, उरलेले तिघे शिक्षिका असलेल्या पत्नी फ्लोराकडे राहिले. इतिहास त्या प्रवासाला त्याच्या कलेचे वळण म्हणतो. कनिंगहॅमची मैत्रीण डोरोथिया लँग हिने मात्र १९३० च्या दशकात कामापायी आपल्या दोन मुलांना काही काळ दुसऱ्यांच्या घरी ठेवले, तर चरित्रकार आजही तो प्रसंग थबकून, जवळपास खटल्यासारखा मांडतात.

१९३४ मध्ये ‘व्हॅनिटी फेअर’ मासिकाने कनिंगहॅमला न्यूयॉर्कला बोलावले. मुले आता मोठी झाली होती. आपल्याला सवड होईपर्यंत तिने थांबावे, अशी पार्ट्रिजची इच्छा होती. ती थांबली नाही. त्याच वर्षी त्यांचा घटस्फोट झाला. पुढे ती नव्वदी उलटल्यावरही काम करत होती. वृद्धांच्या छायाचित्रांचे तिचे पुस्तक तिच्या मृत्यूनंतर, १९७७ मध्ये निघाले.

तिच्या जुळ्यांपैकी रॉन्डल छायाचित्रकार झाला. तरुणपणी तो लँगचा साहाय्यक होता. कॅलिफोर्नियाच्या रस्त्यांवर तिची गाडी तो चालवत असे.