बाळाची झोप आणि अफूची गोळी



आपल्या जुन्या घरांतून बाळंतिणीच्या खोलीत घुटीची एक डबी असे. वेखंड, मुरडशेंग, हळकुंड, जायफळ, बदाम, खारीक. आजी सहाणेवर एकेकाचे वेढे मोजून उगाळी. मूल रात्री फारच रडू लागले तर जायफळाचा एखादा वेढा जास्त. हे आपण सारे कौतुकाने सांगतो. पण पुष्कळ घरांतून आणखी एक वस्तू कागदात गुंडाळून ठेवलेली असे, आणि तिच्याविषयी मात्र सहसा कोणी बोलत नाही. ती म्हणजे अफू.

माळव्यात तिचे दुर्भिक्ष कधीच नव्हते. याच इंदुरात इंग्रजांचा अफूचा काटा होता. पेट्या येथे तोलल्या जात, त्यांच्यावर कर भरला जाई आणि मग त्या मुंबईमार्गे चीनला जात. या व्यापाराची चौकशी करण्यासाठी 1893 साली राजाज्ञेने आयोग नेमला गेला. 1895 मध्ये त्याचा अहवाल आला, तो बंदीच्या विरुद्ध. परंतु आयोगापुढे झालेल्या साक्षींतून एक गोष्ट पुनःपुन्हा पुढे आली: पश्चिम आणि मध्य हिंदुस्थानात तान्ह्या मुलांना अफू देण्याची चाल सर्रास होती. चीनमधल्या अफूबाजांची चर्चा ज्या कागदांवर झाली, त्याच कागदांवर आपले पाळणेही आहेत.

मुंबईत या अफूला ‘बाळागोळी’ म्हणत. गिरणीत दिवसभर उभे राहणारी आई सकाळी मुलाला गोळी देऊन जाई. 1922 च्या सुमारास गिरणीकामगार स्त्रियांची पाहणी एका डॉक्टरीणबाईंनी केली, तेव्हा जवळपास सगळ्याच बाळांना अफू मिळत असल्याचे दिसले. त्या आयांना मी दोष देणार नाही. घरी बघायला कोणी नाही, रजा नाही आणि मूल रडून शेजाऱ्यांना हैराण करणार. विलायतेतही गिरण्यांच्या गावी ‘गॉडफ्रेज कॉर्डियल’ नावाचे अफूमिश्रित औषध याच कारणासाठी खपत होते. अमेरिकेत 1849 पासून ‘मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप’ विकले जाई. त्यात मॉर्फिन होते. 1906 च्या कायद्याने असले घटक बाटलीवर छापणे भाग पडले, तेव्हा कुठे तिकडच्या आयांना आपण काय पाजतो ते कळले.

अफूने मूल निजते हे खरे नव्हे. ते गुंगते. गुंगीत भूक लागत नाही, म्हणून ते अंगावर पीत नाही. पोट साफ होत नाही. आणि मात्रा जरा चुकली तर श्वास मंदावत जाऊन थांबतो. मात्रा ठरे ती मोहरीच्या किंवा मेथीच्या दाण्याच्या अंदाजाने. शिवाय मूल का रडत होते हे कोणाला कळतच नसे. रडे थांबले की प्रश्न मिटला असे घर समजे.

आपल्या जुन्या वैद्यांना हा प्रश्न सुचला होता, हे सांगितले पाहिजे. काश्यपसंहितेत वेदनाध्याय नावाचे एक प्रकरण आहे. ज्याला बोलता येत नाही त्याचे कोठे दुखते, हे कसे ओळखावे, एवढाच त्याचा विषय. मूल हातांनी कानाला स्पर्श करते, डोके हलवते, झोपत नाही, तर कान दुखतो आहे. डोके फिरवते, डोळे मिटते, कण्हते, झोप नाही, तर दुखणे डोक्याचे. म्हणजे झोप न येणे हा रोग नसून ती खूण आहे. हा ग्रंथ नेपाळात सापडला आणि 1938 साली मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून बाहेर पडला. सुश्रुताच्या उत्तरतंत्रात नऊ बालग्रह सांगितले आहेत. त्यांपैकी पूतनेने पछाडलेले मूल दिवसा सुखाने झोपते, रात्री झोपत नाही. उपाय धूपाचे आणि बळीचे आहेत, पण निरीक्षण खोटे नाही. दिवस-रात्र उलटलेले मूल कोणी पाहिलेले नाही?

पूतना रात्री जागवते. पण दिवसा झोपणाऱ्या मुलाचे पुढे काय झाले, ती गोष्ट वेगळी आहे. तिला तर रोगाचे नावही मिळाले नाही, शिवी मिळाली.

माझा धाकटा भाऊ वाड्याच्या माजघरात आम्हा सगळ्यांबरोबर झोपे आणि एखाद्या पहिलवानासारखा घोरे. आम्ही हसत असू. घोरता घोरता तो मध्येच गप्प होई, आणि मग एकदम हुंदका दिल्यासारखा श्वास घेई. त्याचेही आम्ही हसून कौतुक करत असू. शाळेत तो पेंगे. गुरुजींनी त्याला बाकावर उभे केले, मंदबुद्धी म्हटले. आठवीनंतर त्याने शाळा सोडली.

डॉक्टरांना हे चित्र फार आधीपासून दिसत होते, पण तुकड्यांनी. 1868 साली कोपनहेगनच्या विल्हेल्म मेयर यांनी नाकामागे वाढणाऱ्या गाठींचे वर्णन केले. आपण त्यांना अॅडिनॉइड्स म्हणतो. 1889 मध्ये विल्यम हिल या इंग्रज डॉक्टरांनी लिहिले की, तोंडाने श्वास घेणारे, रात्री घोरणारे, सकाळी तोंड कोरडे घेऊन उठणारे आणि शाळेत ठोंब्या दिसणारे मूल शाळेच्या डॉक्टराने तपासावे. डिकन्सने 1836-37 च्या ‘पिकविक पेपर्स’मध्ये उभ्या उभ्या झोपणारा लठ्ठ पोऱ्या जो रंगवला होता, तो वाचकांच्या करमणुकीसाठी होता, आणि 1956 साली डॉक्टरांनी एका आजाराला पिकविकचेच नाव दिले. विनोदी पात्राचे रोग्यात रूपांतर व्हायला शंभराहून अधिक वर्षे लागली.

कारण रात्रभर बसून पाहणारे फारच थोडे होते. 1951 च्या डिसेंबरात शिकागोच्या विद्यापीठात यूजीन अॅसेरिन्स्की या विद्यार्थ्याने आपल्या आठ वर्षांच्या मुलाला, आर्मंडला, एका जुन्या यंत्राला जोडून झोपवले आणि स्वतः जागत बसला. मूल निजलेले असताना कागदावरच्या रेघा जागेपणासारख्या धावू लागल्या. डोळे पापण्यांखाली फिरत होते. 1953 मध्ये ते संशोधन प्रसिद्ध झाले आणि झोपेत स्वप्नांचा वेगळा काळ असतो हे जगाला कळले. 1968 साली रॉजर ब्रॉटन यांनी दाखवले की मुले रात्री किंचाळून उठतात, झोपेत चालतात, तेव्हा ती स्वप्नात नसतात. गाढ झोपेतून अर्धवट जागी झालेली असतात. आपल्याकडे अशा मुलाची दृष्ट काढत. मीठ-मोहऱ्यांनी निदान त्याचे नुकसान तरी होत नसे; ते सकाळी काही आठवत नाही म्हणे, आणि घरच्यांना वाटे उतारा लागू पडला.

भावाचा आजार मात्र पहिला असा नाही. 1976 साली स्टॅनफर्डच्या क्रिस्तियां गिलेमिनो आणि सहकाऱ्यांनी आठ मुलांचा अहवाल छापला; वये पाच ते चौदा. रात्रभर यंत्रे लावून त्यांनी श्वास थांबलेले टिपले. त्यांनी सांगितलेल्या खुणा वाचताना मला माजघर आठवले: मोठे घोरणे आणि मध्येच खंड, दिवसा पेंगणे, अभ्यासात मागे पडणे, पुन्हा अंथरूण ओले करणे, सकाळी डोके दुखणे. शस्त्रक्रियेने त्रास जाऊ शकतो असेही त्यांनी म्हटले.

आता सगळ्यांचे टॉन्सिल कापून टाका, असे मात्र कोणी समजू नये. 2013 साली अमेरिकेत पाच ते नऊ वर्षांच्या 464 मुलांवर मोठी चाचणी झाली. शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी 79 टक्के मुलांची रात्रीची तपासणी सात महिन्यांनी सुधारून नेहमीसारखी झाली होती. पण नुसते लक्ष ठेवून थांबलेल्यांपैकीही 46 टक्क्यांची झाली. एकाग्रतेच्या परीक्षेत फारसा फरक दिसला नाही. वागणूक आणि दिवसाची हुशारी सुधारली.

भावाची तपासणी झाली तेव्हा तो पन्नाशी ओलांडून गेला होता. तंत्रज्ञाने रात्री तारा लावल्या, आणि सकाळी डॉक्टरांनी विचारले, हे केव्हापासून? मी उत्तर दिले, माजघरापासून. त्यांना काही कळले नाही. भाऊ हसला. आता तो नाकावर यंत्र लावून झोपतो, आणि वहिनी म्हणते की घरात इतकी शांतता तिला पहिल्यांदाच ऐकू येते आहे.