एक डिस्क, दोन संसार

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी मी एकाच हार्ड डिस्कवर विंडोजच्या दोन प्रती टाकायला बसलो. एक प्रोजेक्टसाठी, दुसरी उद्योग करायला. इन्स्टॉल करताना चुकून प्रोजेक्टचंच पार्टिशन डिलीट केलं. पोटात गोळा! हात तिथेच थांबवला, आणि त्यानेच वाचलो. कसं? त्यासाठी १९८३ मध्ये जाऊ.

त्या वर्षी आयबीएमचा पीसी एक्सटी १० एमबीची हार्ड डिस्क घेऊन आला. एका डिस्कवर वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिम नांदाव्यात म्हणून डॉस २.० सोबत पहिल्या सेक्टरमध्ये एक तक्ता आला. सेक्टर ५१२ बाइटचा, त्यात तक्त्याला फक्त ६४. एक नोंद १६ बाइटची, म्हणून मुख्य पार्टिशन चारच! त्यातलं एकच 'अ‍ॅक्टिव्ह'. थोडक्यात, खोल्या चार, दार एक. १९९३ च्या विंडोज एनटीने त्या दारात यादी लावली, बूट डॉट आयएनआय. मग एकाच सिस्टिमच्या दोन प्रतींतूनही निवड करता येऊ लागली.

माझी पुसली गेली ती तक्त्यातली नोंद, डेटा नाही. रिकव्हरी टूलने हद्द शोधून नोंद परत लिहिली. सातबारा फाटला म्हणून शेत नाहीसं होत नाही. फक्त त्यावर दुसऱ्याने नांगर फिरवायच्या आत थांबायचं. आणि हो, आधी बॅकअप घ्या!