चिठ्ठीवर नसलेले बेट

डार्विन गॅलापागोस बेटांवर उतरला, तिथल्या फिंच पक्ष्यांच्या तऱ्हेतऱ्हेच्या चोची त्याने पाहिल्या आणि उत्क्रांतीची कल्पना त्याला तिथेच सुचली, अशी गोष्ट आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. गोष्ट सुटसुटीत आहे. पण डार्विनची त्या काळातली टिपणे, नमुन्यांच्या याद्या आणि काही मूळ चिठ्ठ्या अजून शिल्लक आहेत, आणि त्या वाचल्या की ही गोष्ट टिकत नाही.

‘बीगल’ जहाज १५ सप्टेंबर १८३५ रोजी गॅलापागोसला पोचले आणि २० ऑक्टोबरला निघाले. या पाच आठवड्यांत डार्विन चार बेटांवर उतरला: चॅथम, चार्ल्स, अल्बेमार्ल आणि जेम्स. (आजच्या नकाशावर सॅन क्रिस्टोबल, फ्लोरिआना, इसाबेला आणि सान्तियागो.) आज ज्यांना आपण ‘डार्विनचे फिंच’ म्हणतो, त्यांतले सुमारे तीस पक्षी त्याने जमवले. यादीत प्रत्येकाला क्रमांक आहे. पक्षी कोणत्या बेटावरचा, हे मात्र लिहिलेले नाही. मुळात हे सारे एका कुळातले आहेत हेच त्याला उमगले नव्हते. निवडुंगावर चरणारा फिंच त्याने अमेरिकेतल्या ‘इक्टेरस’ या वेगळ्याच गटात टाकला आणि बारीक चोचीच्या फिंचला ‘रेन’ पक्षी समजला. चोचींमध्ये क्रमाक्रमाने फरक पडत जातो, ही नोंद त्याच्या टिपणांत आहे. पण हे पक्षी थव्याने एकत्र चरतात आणि सवयींवरून वेगळे ओळखता येत नाहीत, असेही तो लिहितो. म्हणजे कोणती चोच कशासाठी, हा पाठ्यपुस्तकातला प्रश्न त्याला बेटांवर पडलाच नव्हता.

मॉकिंगबर्डचे तसे नाही. चिलीमध्ये ‘थेन्का’ नावाचा त्याचा भाऊबंद डार्विनने नुकताच पाहिला होता, त्यामुळे या पक्ष्याकडे त्याचे लक्ष होते. चॅथमवरचा आणि चार्ल्सवरचा मॉकिंगबर्ड सारखा नाही, हे दुसऱ्या बेटावरच ध्यानात आल्यावर त्याने पुढचे नमुने बेटाबेटाप्रमाणे वेगळे ठेवले. आपल्याकडे चार बेटांवरचे चार नमुने आहेत, त्यांत दोन-तीन प्रकार निघतील आणि प्रत्येक प्रकार आपापल्या बेटावर कायम आहे, अशा आशयाची नोंद त्याच्या प्राणिशास्त्रीय टिपणांत सापडते. एकच माणूस, तीच बेटे, तेच आठवडे. एका पक्ष्याच्या बाबतीत चोख नोंद आणि दुसऱ्याच्या बाबतीत गोंधळ. जिथे प्रश्न आधी पडला, तिथे चिठ्ठी नीट लिहिली गेली, असाच अर्थ मला यातून लागतो.

कासवांचा पुरावा तर पोटात गेला. चार्ल्स बेटावरचे उपराज्यपाल निकोलस लॉसन यांनी डार्विनला सांगितले होते, की कासव पाहून ते कोणत्या बेटावरचे हे आपण ओळखू शकतो. डार्विनने तेव्हा ते फारसे मनावर घेतले नाही. निघताना ‘बीगल’वर सुमारे तीस मोठी कासवे लादली होती, ती वाटेत ताज्या मांसासाठी. पॅसिफिक ओलांडता ओलांडता ती खाल्ली गेली आणि कवचे समुद्रात टाकली गेली.

लॉसनचे बोलणे आठवले ते परतीच्या प्रवासात. १८३६ च्या मध्यास जहाज अटलांटिकमध्ये असताना डार्विनने पक्ष्यांची टिपणे नव्याने लिहून काढली. नोरा बार्लो या त्याच्या नातीने ती १९६३ मध्ये प्रसिद्ध केली. मॉकिंगबर्डविषयी लिहिताना तो कासवांकडे वळतो, तिथून फॉकलंडच्या पूर्व आणि पश्चिम बेटांवरच्या कोल्ह्यांकडे जातो, आणि म्हणतो की यात तथ्य असेल तर असे द्वीपसमूह तपासण्याजोगे आहेत, कारण अशा गोष्टींनी जातींच्या स्थिरतेलाच धक्का बसेल. मजकूर ‘असेल तर’च्या अटीने बांधलेला आहे, आणि डार्विन या मॉकिंगबर्डना नुसते प्रकार समजतो, स्वतंत्र जाती समजत नाही. आणि या सगळ्या परिच्छेदात फिंच कुठेही नाहीत.

२ ऑक्टोबर १८३६ रोजी ‘बीगल’ इंग्लंडला लागले. ४ जानेवारी १८३७ रोजी डार्विनने आपले सस्तन प्राणी आणि पक्षी लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीकडे सोपवले. पक्षी जॉन गूल्डच्या टेबलावर गेले. गूल्ड माळ्याचा मुलगा, पक्ष्यांत पेंढा भरण्याच्या धंद्यातून वर आलेला. हातात धरलेला पक्षी ओळखण्यात मात्र त्याचा हात धरणारे थोडे होते. सहाच दिवसांनी, १० जानेवारीच्या सभेत त्याने सांगितले की डार्विनने वेगवेगळ्या कुळांत टाकलेले हे पक्षी प्रत्यक्षात एकाच नव्या गटातले फिंच आहेत. २८ फेब्रुवारीला त्याने मॉकिंगबर्डचा निकाल दिला: हे नुसते प्रकार नाहीत, तीन स्वतंत्र जाती आहेत.

मार्चमध्ये डार्विन लंडनला राहायला आला आणि गूल्डला भेटला. फिंचांची बेटे कोणती, हा प्रश्न आता टाळता येण्यासारखा नव्हता, आणि त्याच्याकडे उत्तर नव्हते. मग उसनवारी सुरू झाली. ‘बीगल’चा कॅप्टन फिट्झरॉय याचा स्वतंत्र संग्रह होता, तो ब्रिटिश म्युझियमकडे गेला होता. फिट्झरॉयचा खिदमतगार हॅरी फुलर याने काही पक्षी जमवले होते. डार्विनचा स्वतःचा नोकर सिम्स कॉव्हिंग्टन याच्याकडेही काही होते. या तिघांनी आपल्या नमुन्यांवर बेटाचे नाव लिहून ठेवले होते. डोक्यात कोणताही सिद्धान्त नसताना या माणसांनी जे साधे काम केले, ते निसर्गशास्त्रज्ञाने केले नव्हते. त्यांच्या चिठ्ठ्यांच्या आधाराने डार्विनने आपल्या फिंचांची बेटे मागाहून अंदाजाने बसवली. यातला उपरोध नंतर वाढत गेला. १८६० मध्ये उत्क्रांतीवरून वाद झालेल्या ऑक्सफर्डच्या प्रसिद्ध सभेत फिट्झरॉय बायबल हातात घेऊन डार्विनच्या विरोधात उभा राहिला. डार्विनच्या कामी आलेल्या सर्वांत नीटनेटक्या चिठ्ठ्या त्याच्याच संग्रहातल्या होत्या.

जुलै १८३७ मध्ये डार्विनने जातींच्या रूपांतरावरची पहिली वही उघडली. त्याच्या खासगी रोजनिशीतल्या नोंदीनुसार मार्चच्या सुमारापासून दक्षिण अमेरिकेतल्या जीवाश्मांनी आणि गॅलापागोसच्या जातींनी त्याला पछाडले होते. तारीख बेटांवरची नाही, लंडनची आहे. फिंचांच्या चोचींचे सुप्रसिद्ध चित्र आणि एकाच मूळ जातीत निरनिराळ्या उपयोगांसाठी बदल झाले असावेत हे सूचन छापून आले, ते प्रवासवर्णनाच्या १८४५ च्या आवृत्तीत. दोन बेटांवरचे नमुने आपण एकत्र मिसळल्याचेही तो तिथे कबूल करतो. १८५९ च्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ या ग्रंथामध्ये बेटाबेटांवरचे मॉकिंगबर्ड येतात, फिंचांच्या चोची येत नाहीत.

मग दंतकथा कुठून आली? ‘डार्विनचे फिंच’ हे नाव पर्सी लो यांच्या १९३६ च्या लेखापासून रुळले, आणि त्याच नावाच्या डेव्हिड लॅक यांच्या १९४७ च्या पुस्तकाने ते जगभर नेले. लॅक यांचे काम मोलाचे आहे. वाचकांनी मात्र शंभर वर्षांनंतरची समज उचलून १८३५ च्या तरुणाच्या डोक्यात ठेवली. फ्रँक सलोवे यांनी याद्या, टिपणे आणि उरलेले नमुने एकमेकांशी ताडून १९८२ मध्ये हा गुंता सोडवला. काम किचकट होते, कारण सोसायटीचे संग्रहालय १८५५ मध्ये मोडले, नमुने पांगले आणि अनेक मूळ चिठ्ठ्या नव्या चिठ्ठ्या लावताना काढून टाकल्या गेल्या.

डार्विनने अंदाजाने मागाहून बसवलेली सगळीच बेटे चुकली असे मात्र नाही. चार्ल्स बेटावरचा म्हणून नोंदलेला मोठ्या चोचीचा फिंच नंतरच्या संग्राहकांना तिथे मिळेना, म्हणून नोंदीवरच संशय घेतला गेला. पुढे डेव्हिड स्टेडमन यांना त्याच बेटावरच्या गुहांत, घुबडांनी टाकलेल्या हाडांच्या साठ्यांत, या फिंचाचे अवशेष सापडले. नोंद बरोबर होती. पक्षीच बेटावरून नाहीसा झाला होता.

चार्ल्सवरचा मॉकिंगबर्डही एकोणिसाव्या शतकातच मुख्य बेटावरून संपला. आज तो शेजारच्या चॅम्पियन आणि गार्डनर या दोन चिमुकल्या बेटांवरच उरला आहे. तिथल्या पक्ष्यांचे मूळ बेटावर पुनर्वसन करायचे, तर दोन्हींतले कोणते निवडावेत? २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संशोधकांनी त्यांचा डीएनए संग्रहालयातल्या दोन जुन्या नमुन्यांशी जुळवून पाहिला. एक नमुना डार्विनने जमवलेला होता, दुसरा फिट्झरॉयने, आणि दोन्हींचे बेट ठाऊक होते.