तापी-पूर्णा संगमाचा जुना नकाशा व विहाराची वाट

नशिराबादच्या उत्तरेस तापी व पूर्वेस वाघूर. अजिंठ्याच्या डोंगरातून येणारी वाघूर तापीस मिळते. तेथून वर, चांगदेव येथे, सातपुड्यात उगम पावलेली पूर्णा तापीत विलीन होते. या प्रदेशाचे १९५० च्या दशकातील चित्र अमेरिकन लष्कराच्या नकाशा विभागाने प्रसिद्ध केलेल्या १:२,५०,००० प्रमाणाच्या नकाशामालेत पाहावयास मिळते. त्यावर एक सेंटीमीटर म्हणजे अडीच किलोमीटर. ही माला भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशांवरूनच रचलेली असल्याने छपाई त्या दशकातली असली, तरी पाहणी त्याआधीची आहे, हे ध्यानी ठेवले पाहिजे.

चांगदेव ७६ अंश पूर्व रेखांशालगत आहे. भारतीय क्रमांकनात तेथे ४६ क्रमांकाचा विभाग संपून ५५ चा सुरू होतो. त्यामुळे संगमाचे दोन्ही अंग पाहण्यास दोन पत्रके जुळवावी लागतात. अमेरिकन पत्रक ७५ ते ७६॥ अंशांचे असल्याने संगम एकाच कागदावर येतो. त्या काळी जिल्हा पूर्व खानदेश होता. जळगाव हे जिल्ह्याचे नाव १९६० मधले. मुक्ताईनगर तेव्हा एदलाबाद होते.

जैन समाजास या नकाशाचे मोल निराळे आहे. पूज्य साधू-साध्वीजींचा आठ महिन्यांचा विहार पायीच होतो आणि पाणी हे अप्काय जीवांचे शरीर मानलेले असल्याने नदी ओलांडणे हा संयमाचा प्रश्न ठरतो. कल्पसूत्राच्या समाचारीत कुणाला नगरीजवळच्या ऐरावती नदीचे उदाहरण आहे : एक पाय पाण्यात, एक पाय कोरड्यावर ठेवून जाता येईल, तेथेच भिक्षेसाठी पलीकडे जाण्याची मुभा. अशा पथिकास उतार कोठे, पूल कोठे, हे आधी कळणे अगत्याचे. मात्र नकाशावरचे सरळ अंतर फसवे असते. तापी-पूर्णेच्या काठी गाळाची माती पावसाने कापून खोल घळी झाल्या आहेत. या प्रमाणाच्या कागदावर त्या सर्व मावत नाहीत. बोटभर दिसणारी वाट पायाखाली कितीतरी लांबते.

१९८२ मध्ये संगमाच्या खालच्या अंगास हतनूर धरण पूर्ण झाले व पाण्याचा फुगवटा दोन्ही नद्यांच्या पात्रांत चढला. काठची शेते, उताराच्या जागा, जुन्या पायवाटा जलाशयाखाली गेल्या. नकाशावर तापी आणि पूर्णा दोन बारीक निळ्या रेघांनी येऊन भेटतात. आज चांगदेवच्या मंदिराजवळून दिसते ते विस्तीर्ण पाणी.